काळजीवर पोट भरणारी बाई

हाम गुमरान घरातून निघाली की जिन्याच्या वळणावरून एकदा परत फिरायची. गॅसची चावी बंद आहे का ते बघायला. चावी बंदच असायची, तरी जायची. नवरा आधी चिडला, मग हसायला लागला, आणि शेवटी थंडी-पावसासारखी त्यानं ती गोष्ट मान्य करून टाकली. "आमच्या बायकोला घर दोनदा सोडावं लागतं," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून ज्या स्वभावाला जग नावं ठेवतं, त्याच स्वभावाचा पगार देणारं एक खातं असतं हे तिला तरी कुठे ठाऊक होतं! सैन्यासाठी घ्यायची प्रत्येक वस्तू आधी भिजवायची, गोठवायची, आपटायची, वापरून वापरून मोडायची आणि मग सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. वाणिज्य शाळा संपवून गुमरान देजॉनच्या त्या संस्थेत आली ती निव्वळ आकडे टंकायला. लोखंडी पायात सैनिकी बूट चढवून एक यंत्र दिवसभर पाण्यातून चालायचं आणि बूट किती भिजला ते हिनं टंकायचं, एवढंच काम. पण पहिल्याच आठवड्यात तिनं साहेबांना विचारलं, "आणि समजा, बूट भिजला, रात्री गोठला आणि सकाळी सैनिकानं तोच पायात घातला तर?"

"तर त्याची आई रडेल," साहेब म्हणाले. "टंका तुम्ही."

पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या चाचणीत बूट गोठवायची पायरी आली. तेव्हापासून गुमरानला नाव पडलं समजाबाई. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी दात ओठ खाऊन. तिनं रात्रीच्या कॉलेजात जाऊन यंत्रशास्त्राची पदवी घेतली, दोनदा नापास होऊन. मग रेनकोट तपासले, झोपायच्या पिशव्या तपासल्या, चुली तपासल्या. पुरुषांच्या त्या खात्यात बाई म्हणून तिला कुणी खुर्ची आणून दिली नाही, पण 'आणि समजा' सुरू झालं की साहेबलोक पेन खाली ठेवायचे. तिच्या शंकेतून सुटलेली वस्तू सैनिकांच्या हातात गेली की तक्रार येत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

फक्त एका ठिकाणी तिला पुढे यायची मुभा नव्हती. नवी वस्तू चाचणीला लागायची ती गोसा, म्हणजे देवाची पूजा, केल्याशिवाय नाही. टेबलावर डुकराचं उकडलेलं मुंडकं, तेही हसरं निवडून आणलेलं. त्याच्या तोंडात मोठ्या साहेबांनी खोचलेल्या नोटा. वाफवलेला तांदळाचा केक. आणि डोंगराच्या देवाला ओतायची तांदळाची पांढरी दारू, माक्कोली. सगळे गुडघे टेकून नमस्कार घालायचे, अपघात होऊ देऊ नको म्हणून. डॉक्टरेट मिळवलेले लोकही कपाळ जमिनीला लावायचे. बाई पुढे उभी राहिली तर डोंगराच्या देवाला खपत नाही अशी जुन्या मंडळींची समजूत, म्हणून गुमरान वर्षानुवर्षं मागच्या बाजूला केक कापत राहिली.

त्या हिवाळ्यात मात्र बोंगसाहेबांनी ही समजूत मोडली. बोंग सांगग्यू म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, पोटानं गोल आणि जिभेनं तिखट. सैनिकांच्या तंबूत ठेवायची तेलावरची नवी शेगडी चाचणीला आली होती. तिचं धुराडं तंबूच्या बाजूनं बाहेर निघायचं, आणि आतल्या हवेत विषारी वायू भरला तर वाजणारी एक छोटी घंटा तंबूच्या खांबावर बसवलेली होती. ही चाचणी त्यांनी गुमरानच्या हाती दिली.

"पहिला प्याला यंदा हामबाई ओततील," इंजेच्या डोंगरातल्या चाचणीच्या मैदानावर सगळ्यांसमोर ते म्हणाले. "डोंगराच्या देवाला राग आला तर मला सांगा, मी समजूत काढतो. तोही आता माझ्याच वयाचा असेल."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसले मेंगसाहेब, शेगडी बनवणाऱ्या कंपनीचे संचालक. गोरे, नीटनेटके, आणि गोसाचे भलते हौशी. मुंडकं त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं. थंडी मरणाची होती. दरीकडून असा वारा येत होता की डोळ्यांतून पाणी काढत होता. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून मेंगसाहेबांच्या माणसांनी टेबल तंबूत घेतलं आणि शेगडी आधीच पेटवली. मोजमापाची यंत्रं अजून पेट्यांमध्येच होती, कारण चाचणी गोसानंतर सुरू व्हायची होती.

गुमराननं दोन्ही हातांनी प्याला धरला. चार कोपऱ्यांना तिनं माक्कोली ओतली, थोडी खांबापाशीही सांडली. नमस्कार झाले. शेवटी पांढऱ्या कागदाची प्रार्थना दाराशी जाळली, तर तिची राख वर जायची सोडून वाऱ्याबरोबर थेट तंबूत आली आणि केकवर बसली. "देव स्वतःच जेवायला आत आले!" मेंगसाहेब ओरडले. पुन्हा हशा. प्याले फिरू लागले. गुमराननं रीत म्हणून ओठाला लावला आणि खाली ठेवला. दारू तिला सोसायचीच नाही.

तेवढ्यात घंटा वाजली.

सगळे चपापले. कुणीतरी दाराचा पडदा पूर्ण उघडला, कुणी शेगडी बंद केली. पेटीतून मापक शोधून आणेपर्यंत तंबूत बर्फाळ वारा खेळत होता आणि काटा जागचा हलेना. मेंगसाहेबांच्या अभियंत्यानं खांबापाशी वाकून वास घेतला. "माक्कोली! दारूच्या वाफेनं असली घंटा फसते. पुस्तकात दिलेलं आहे." आणि खरंच, पुस्तकात दिलेलं होतं.

"म्हणजे घंटेला चढली," बोंगसाहेब म्हणाले.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. समजाबाईच्या हातून सांडलेली दारू, तिनं चाचणीच्या आधीच घंटेला पाजली, हा किस्सा संध्याकाळपर्यंत देजॉनला पोचला. दुसऱ्या दिवशी जो तो डोकं धरून बसला होता. स्वस्तातली माक्कोली आणली म्हणून मेंगसाहेबांना शिव्या पडल्या.

मग खरी चाचणी झाली. शेगडी दिवसचे दिवस जळली, तंबूत सैनिक झोपले, मापकं रात्रंदिवस चालू होती. घंटा एकदाही वाजली नाही. काटा एकदाही हलला नाही.

या धंद्यात बिघाड होणं न होणं ही अर्धीच गोष्ट. झालेला बिघाड मोजायचा की सोडून द्यायचा, हे ठरवण्यासाठी बैठक बसते आणि वस्तूचं नशीब तिथंच ठरतं. त्या बैठकीत गोसाच्या दिवशीची घंटा सोडून द्यायची असं ठरलं. कारण: दारूची वाफ. गुमराननंही मान हलवली. का नाही हलवणार? दारू तिच्याच हातानं सांडली होती, सगळ्यांसमोर. शिवाय बोंगसाहेबांची खुर्ची वसंतात रिकामी होणार होती आणि तिथं कोण बसणार, याबद्दल लोक तिच्याकडे बघून आत्ताच सूचक खोकायला लागले होते. आता शेवटचा अहवाल तिच्या सहीनं जायचा बाकी होता. बर्फ पडायच्या आत शेगड्या सीमेवरच्या छावण्यांत पोचवायच्या, असं वरून सांगणं होतं.

सही करायच्या आधीच्या रविवारी ती आईकडे थेबेकला गेली. कोळशाच्या खाणींचं ते गाव आता निम्मं रिकामं झालं होतं. आई एकटी राहायची. माणूस दारात आलं की आई आधी त्याचं तोंड निरखायची आणि ठरलेला प्रश्न विचारायची.

"डोकं दुखतंय का गं?"

"आत्ता नाही. मागे दुखलं होतं. गोसाच्या दुसऱ्या दिवशी."

"प्यायली होतीस?"

"नाही गं. ओठ ओला केला फक्त. सगळ्यांचंच दुखत होतं, माक्कोली वाईट होती."

आई उठली आणि मुळ्याच्या लोणच्याचं आंबट पाणी वाटीत घेऊन आली. कोळशाच्या वायूवर त्या गावात पूर्वी हाच उतारा होता. "पी," ती म्हणाली.

"आई, त्याला किती दिवस झाले!"

"पी म्हणते ना."

गुमराननं वाटी तोंडाला लावली आणि तिच्या पाचावर धारण बसली. ओठ ओला केल्यानं डोकं दुखत नाही. मग तिचं डोकं कशानं दुखलं होतं?

ती लहान असताना त्या घरात जमिनीखालून कोळशाच्या वड्यांची ऊब यायची. हिवाळ्याच्या तोंडाला सोयाबीनचे आंबवलेले गोळे, मेजू, छताला टांगलेले असायचे. वर्षभराच्या सोयाबीनच्या वाटणाची, द्वेनजांगची ती तयारी. एका संध्याकाळी आई म्हणाली होती, कसला तरी वास येतोय. बाबा खाणीतून दमून आलेले. "मेजूचा वास आहे. झोप," ते म्हणाले. सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं. गुमरानला आंबट पाणी पाजलं, ती ओकली आणि जगली. तिचा मोठा भाऊ सुबोक, तोंडाशी धरलेल्या वाटीतलं पाणी त्याला गिळताच आलं नाही. बाबांनी पुढं मरेपर्यंत द्वेनजांग तोंडात घातलं नाही. ज्या देशात त्याच्या साराशिवाय दिवस जात नाही, तिथं त्यांच्या घरात ते शिजलं नाही. कुणी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिला एकच वाक्य ऐकू येत होतं. मेजूचा वास आहे. माक्कोलीचा वास आहे. घरातल्याच एखाद्या ओळखीच्या गोष्टीवर ढकललं की माणसाला कसं स्वस्थ झोपता येतं! आणि मग तिला केकवर बसलेली राख आठवली. त्या दिवशी वारा दरीकडून येत होता. धुराड्याचं तोंडही दरीकडेच. त्यानंतर चाचणीचे सगळे दिवस वारा होता तो डोंगरमाथ्यावरून, नेहमीचा, पाठीमागून येणारा.

आणि समजा, वारा समोरून आला आणि धूर धुराड्यातून उलटा आत शिरला तर?

सोमवारी ती बोंगसाहेबांसमोर उभी राहिली. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "हामबाई, तुमच्याकडे पुरावा काय? तुमचं डोकं दुखलं?"

"पुरावा नाही साहेब. म्हणूनच परत चाचणी हवी."

"बैठकीनं ठरवलेलं मोडायचं तर मला मुख्यालयाला कारण द्यावं लागेल. आईनं लोणच्याचं पाणी पाजलं, असं लिहू?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि तुम्ही चुकलात, तर ती खुर्ची विसरा. म्हणतील, स्वतःची सांडलेली दारू लपवायला बाईनं कंपनीवर ढकललं. नाचता येईना अंगण वाकडं."

हे तिलाही कळत होतं. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. ती बरोबर असेल तर तंबूत झोपलेली पोरं मरणार होती. ती चूक असेल तर ती आयुष्यभर 'घंटेला पाजणारी बाई' म्हणून राहणार होती, आणि तिच्या शंकेला पुन्हा कुणी पेन खाली ठेवणार नव्हतं. सही करून मोकळं व्हावं असंही तिच्या मनात आलं. आलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पेन उचललं की तिला सुबोकच्या तोंडातून ओघळलेलं पाणी दिसायचं.

शेवटी ती पुन्हा बोंगसाहेबांकडे गेली. "चाचणी नको. आभाराचा गोसा करू. चाचणी निर्विघ्न पार पडली म्हणून. मेंगसाहेब नाही म्हणतील का?"

बोंगसाहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. या देशात चाचणी नाकारता येते. गोसा कोण नाकारणार? "मुहूर्त कधीचा काढलात?"

"परवाचा. दिवस चांगला आहे."

"पंचांगात पाहिलंत?"

"वेधशाळेत. समुद्राकडून बर्फ येतोय. वारा फिरणार आहे."

मेंगसाहेब तर खूशच झाले. या खेपेचं मुंडकं मागच्यापेक्षाही हसरं होतं. टेबल तसंच तंबूत मांडलं. फरक एवढाच, की मापकं पेट्यांतून बाहेर काढून, जोडून, तंबूच्या कापडाशी ओळीनं ठेवलेली होती, आणि शेगडी थंड होती. पण गुमरान सकाळपासून बाहेर उभी राहून दोऱ्याला बांधलेली चिंधी बघत होती, आणि चिंधी अजून चुकीच्याच दिशेला फडफडत होती. डोंगरमाथ्याचा वारा. वेधशाळेनं दगा दिला की काय? पाहुणे जमले, बूट आपटायला लागले.

"हामबाई, देव वाट बघतायत, आणि मीही गारठलोय!" मेंगसाहेब आतून म्हणाले.

ती आत गेली. प्याला उचलला. चार कोपरे झाले. मग तिनं अख्खी किटली उचलली आणि घंटेच्या खांबाच्या बुडाशी उपडी केली. माक्कोली भळाभळा वाहिली. तिनं फडकं त्यात बुडवलं, पिळलं आणि घंटेच्या अगदी नाकाशी धरलं.

"अहो, अहो!" मेंगसाहेब हसले. "आज तिला बेशुद्ध करणार का?"

कुणी कुणी हसलं. मग हसणं विरळ झालं. फडक्यातून थेंब गळत होते, तंबूत आंबूस वास भरला होता, आणि गुमरान हात वर धरून तशीच उभी होती. हात भरून आला तरी तिनं तो खाली घेतला नाही. घंटा गप्प. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या, डुकराचं तेवढं तोंड हसरं.

"अभियंते," बोंगसाहेब सावकाश म्हणाले, "पुस्तकात काय दिलं होतं म्हणालात?"

अभियंता लाल झाला. "थंडीत... थंडीत वाफ कमी होते, साहेब."

"त्या दिवशी शेगडी पेटलेली होती," मेंगसाहेब पटकन म्हणाले. "उबेत वाफ होते. बरोबर आहे तो म्हणतो ते."

"बरोबर," गुमरान म्हणाली. "म्हणून आता पेटवा. पाहुण्यांना थंडी वाजतेय."

शेगडी पेटली. लोकांनी हात पुढे केले. गुमराननं पांढरा कागद घेतला, दाराशी जाऊन पेटवला आणि बोटं भाजेपर्यंत धरून ठेवला. राख सुटली. वर गेली, घुटमळली, आणि माथ्याच्या वाऱ्याबरोबर दरीत उडून गेली. तिला वाटलं संपलं. मापकांचे काटे जागच्या जागी. सांडलेली माक्कोली शेगडीच्या उबेनं धुमसत होती, घंटा गप्पच. म्हणजे वाफेनं ती वाजत नाही एवढं ठरलं. पण मग वाजते कशानं, ते ठरलं नव्हतंच. केक कापला गेला. मेंगसाहेबांना पुन्हा बोलतं व्हायला जमलं होतं.

मग चिंधी लोंबकळली. वारा पडला. आणि दरीतून पहिला झोत आला तो बर्फाचे कण घेऊनच आला. दाराशी उरलेली राख उडाली आणि सरळ आत येऊन टेबलावर पसरली. या खेपेला देव आत आले असं कुणी म्हणालं नाही. गुमरान मापकाकडे बघत होती. काटा हलला. आधी ओळखू येणार नाही इतका, मग स्वच्छ, मग तांबड्या रेघेकडे. घंटा वाजायला लागली.

"बाहेर! सगळे बाहेर!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती पुरुषांच्या दंडांना धरून त्यांना ढकलत होती. मेंगसाहेब हातात केक घेऊन बर्फात उभे राहिले. आत घंटा वाजतच होती. किती तरी वेळ वाजत होती.

बोंगसाहेब तिच्याजवळ आले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं, साहेब," गुमरान म्हणाली. तिचे दात वाजत होते. "भीती वाटत होती."

शेगड्या त्या हिवाळ्यात सीमेवर गेल्या नाहीत. छावण्यांतल्या पोरांनी जुन्या शेगड्यांवर कुडकुडत दिवस काढले आणि देजॉनच्या लोकांचा उद्धार केला. आपल्यावरचं काय टळलं ते त्यांना कधी कळणार नव्हतं. कंपनीनं धुराड्याचं तोंड बदलून नवी शेगडी आणायचं कबूल केलं. बोंगसाहेबांची खुर्ची मुख्यालयातून आलेल्या दुसऱ्याच माणसाला मिळाली. गोसाच्या नावाखाली पाहुण्यांवर चाचणी केली म्हणून गुमरानला कडक शब्दांत समज मिळाली, आणि खरं सांगायचं तर तेवढा दोष तिच्या पदरात होताच. माणसं आत बसवून तिनं काटा चढताना पाहिला होता. ते आठवलं की तिला अजून दरदरून घाम फुटतो.

त्या दिवशी मैदानावरूनच तिनं आईला फोन केला होता. "आई, वाजली. दारूनं नव्हती वाजली."

आई म्हणाली, "माणसं?"

"सगळी बाहेर आली."

"सगळी?"

"सगळी, आई."

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी ती थेबेकला गेली, तेव्हा आईनं दारात डोक्याचं विचारलं नाही. जिन्यातच वास येत होता. जेवणाच्या बसक्या टेबलावर मातीचं भांडं होतं आणि त्यात द्वेनजांगचं सार उकळत होतं, त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अंदाज राहिला नाही बघ," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "मीठ बरोबर आहे का सांग."

मीठ चांगलंच जास्त झालं होतं. गुमरान म्हणाली, बरोबर आहे, आणि तिनं पुन्हा वाढून घेतलं.